लिनारेस नेमका कधी संपला?

३१ मार्च २०१२ रोजी मेक्सिकोतल्या कानकूनमध्ये होर्हे लिनारेसची लढत दुसऱ्याच फेरीत थांबवावी लागली. चेहऱ्यावरची जखम इतकी उघडली होती की त्याला पुढे लढू देणं शक्य नव्हतं. सर्जियो थॉम्पसन या फारसं नाव नसलेल्या मेक्सिकन बॉक्सरचा हात वर झाला. लिनारेस तेव्हा २६ वर्षांचा होता. अडीच वर्षांच्या आतला हा त्याचा तिसरा पराभव, आणि तिन्ही वेळा लढत ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्याआधीच संपली होती. त्यापूर्वी सलग २७ लढती जिंकलेला, दोन वजनगटांत जागतिक किताब मिळवलेला, स्पॅनिशमध्ये ‘एल निन्यो दे ओरो’ म्हणजे सोन्याचा मुलगा या नावाने ओळखला जाणारा हा व्हेनेझुएलाचा खेळाडू आता लाइटवेटच्या, म्हणजे १३५ पौंडांच्या किंवा सुमारे ६१.२ किलोंच्या गटात अडखळत होता. चाहत्यांनी हिशेब मांडून टाकला. दिसायला देखणा, हात विजेसारखे, पण हनुवटी कच्ची आणि कातडी त्याहून कच्ची. पहिला जोरकस ठोसा बसला की खेळ आटोपला. थोडक्यात, माणूस संपला. त्याची बाजू घेणारे होते, पण तेही ‘वय लहान आहे’ याच्या पलीकडे फारसं काही सांगू शकत नव्हते.

त्यानंतर लिनारेस सलग १३ लढती जिंकला. लाइटवेटचा जागतिक किताब त्याने मिळवला, इंग्लंडमध्ये जाऊन तिथल्याच खेळाडूंना त्यांच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं, आणि मे २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वासिल लोमाचेन्को या त्या काळातल्या सर्वांत कुशल मानल्या जाणाऱ्या बॉक्सरला त्याने खाली पाडलं. तेव्हा २०१२चा निकाल चुकीचा होता हे कोणीही मान्य करेल. पण इतकंच म्हणून थांबलं तर ही एका जिद्दी खेळाडूच्या पुनरागमनाची कथा होते, आणि अशा कथा मुष्टियुद्धात हव्या तितक्या आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. त्याच चाहत्यांनी लिनारेसच्या बाबतीत दुसऱ्यांदा चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा गंभीर होती. २०१२मध्ये तो संपलेला नसताना ते त्याला संपलेला म्हणाले, आणि २०१९नंतर तो खरोखर उताराला लागला तेव्हा त्याच्यात अजून बरंच उरलंय असं म्हणत राहिले. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन चुकांचं मूळ एकच आहे. दोन्ही वेळा लोकांनी लढत कशी वाटली यावरून भविष्य ठरवलं. ती कशामुळे हरली गेली, ते कारण दुरुस्त होण्यासारखं आहे की नाही, हे तपासलं नाही.

तपासण्यासारखं तेव्हाही बरंच होतं. लिनारेसचा जन्म १९८५चा, व्हेनेझुएलाच्या बारिनास प्रांतातला. सतराव्या वर्षी तो जपानला गेला आणि डिसेंबर २००२मध्ये ओसाकात त्याने पहिली व्यावसायिक लढत दिली. जपानमधल्या तेइकेन या नामांकित व्यायामशाळेने त्याला घडवलं. या घडणीची खूण त्याच्या खेळात अखेरपर्यंत दिसत राहिली: सरळ पाठ, लांब आणि अचूक जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चार-चार पाच-पाच ठोशांच्या वेगवान माळा आणि प्रत्येक माळेनंतर मूळ पवित्र्यात परत येण्याची सवय. जुलै २००७मध्ये लास व्हेगसमध्ये ऑस्कर लारिओसला दहाव्या फेरीत थांबवून तो फेदरवेटचा, म्हणजे १२६ पौंडांचा जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००८मध्ये, पनामात त्याने १३० पौंडांच्या गटातला किताब जिंकला. पण इतक्या सरळ, उभ्या शैलीचा एक तोटा असतो. ठोशांची माळ संपताना हनुवटी क्षणभर उघडी राहते आणि त्या क्षणाची वाट पाहणारा प्रतिस्पर्धी समोर असेल तर सौंदर्याची किंमत मोजावी लागते.

आता ते तीन पराभव एकेक करून पाहू. पहिला १० ऑक्टोबर २००९चा, टोकियोतला. हुआन कार्लोस साल्गादोने पहिल्याच फेरीत, सव्वा मिनिटाच्या आसपास लढत संपवली. अशा पराभवाची दहशत चाहत्यांच्या मनात सर्वांत जास्त बसते, आणि भविष्याबद्दल तो सर्वांत कमी सांगतो. अंग तापण्याआधी, अंतराचा अंदाज येण्याआधी बसलेला एक ठोसा कोणालाही पाडू शकतो. त्यातून एवढंच कळतं की या बॉक्सरने सुरुवातीची फेरी सावधपणे खेळली पाहिजे. दुसरा पराभव मला तिघांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १५ ऑक्टोबर २०११ रोजी लॉस एंजेलिसमध्ये आंतोनियो दे मार्कोविरुद्ध रिक्त लाइटवेट किताबाची लढत होती. दहा फेऱ्या झाल्या तेव्हा लिनारेस तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर पुढे होता. मात्र नाकावरची जखम फाटत गेली होती, चेहरा रक्ताने माखला होता, आणि दे मार्को एक पाऊल मागे न घेता दबाव वाढवत होता. अकराव्या फेरीत रेफरीने लढत थांबवली. गुणांवर स्पष्ट पुढे असलेल्या माणसाला उरलेल्या सहा मिनिटांत काय करायचं असतं? बांधून ठेवायचं, फिरत राहायचं, घड्याळ चालू द्यायचं. लिनारेस ठोशाला ठोसा देत राहिला. ही शरीराची कमतरता नव्हती, लढत सांभाळण्याची अक्कल कमी पडली होती, आणि ती शिकता येते. तिसरा पराभव थॉम्पसनचा. पाच महिने आधी ज्या चेहऱ्यावर एवढी जखम झाली होती तोच पुन्हा फाटला. नवा व्रण जुळून यायला वेळ लागतो. तो वेळ न देता माणसाला रिंगमध्ये उतरवलं तर काय होतं, हे कानकूनमध्ये दिसलं. कातडीची जात जन्मजात असते हे खरं, पण विश्रांती, व्रणावरचे उपचार आणि कोपऱ्यात उभा राहून जखमा सांभाळणारा चांगला कटमन यांनी तिचं बरंच निभावतं. सारांश, तीन पराभवांची तीन वेगळी कारणं होती आणि तिन्ही दुरुस्त करण्यासारखी होती. चाहत्यांना मात्र तीन काळे ठिपके एका ओळीत दिसले आणि त्यांनी त्यांतून रेषा ओढली.

ही रेषा ओढण्याची घाई मुष्टियुद्धातच इतकी का, याचं उत्तर या खेळाच्या वेळापत्रकात आहे. आपल्याकडे गावोगावच्या जत्रांच्या हंगामात पैलवान एका फडात चितपट झाला, तरी काही दिवसांनी दुसऱ्या फडात लंगोट लावून उभा असतो; लोकांना त्याची चांगली आणि वाईट कुस्ती दोन्ही पाहायला मिळतात आणि मत हळूहळू बनतं. किताबाच्या पातळीवरचा बॉक्सर वर्षातून दोन, फार तर तीन वेळा लढतो. हरला की पुढचे चार-सहा महिने त्याच्याबद्दल बोलायला लोकांपाशी तो एक पराभवच असतो. शिवाय इथला सगळा व्यापार अपराजित या शब्दावर चालतो. २७-० असा आकडा जाहिरातीच्या फलकावर छापता येतो; ३१-३ छापला की तिकीट विकायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. दूरचित्रवाणी कंपन्या, प्रवर्तक आणि मग चाहते, सगळ्यांची नजर त्या शेवटच्या शून्यावर खिळलेली असते. ते शून्य गेलं की बॉक्सरची किंमत एकदम घसरते, आणि ही बाजारातली घसरण लोक त्याच्या क्षमतेची घसरण समजतात.

२०१२नंतरच्या दोन वर्षांत लिनारेसने काय केलं हे पाहिलं की दुरुस्ती म्हणजे काय ते समजतं. सुरुवातीला तो मोठ्या नावांपासून दूर राहिला. मार्च २०१४मध्ये लास व्हेगसला निहितो अराकावाशी लढला. अराकावा म्हणजे कितीही मार खाऊन पुढे येत राहणारा जपानी बॉक्सर. काही महिन्यांपूर्वी ओमार फिगेरोआशी त्याने केलेल्या घनघोर लढतीमुळे अमेरिकेतल्या प्रेक्षकांनाही तो माहीत झाला होता. दे मार्कोनेही लिनारेसला असंच पुढे येत राहून हरवलं होतं, त्यामुळे ही परीक्षा नेमकी त्याच प्रश्नाची होती. या वेळी लिनारेस अंतर राखून लढला, देवाणघेवाणीच्या मोहात पडला नाही आणि गुणांवर सहज जिंकला. डिसेंबर २०१४मध्ये टोकियोत हावियेर प्रिएतोला चौथ्या फेरीत बाद करून तो लाइटवेटचा जगज्जेता झाला. आधीच्या काळात त्याने फ्रेडी रोचसारख्या ख्यातनाम प्रशिक्षकाकडे तयारी केली होती. पुढे क्यूबाचे इस्माएल सालास त्याच्या कोपऱ्यात आले. क्यूबन शाळेत पायांच्या हालचालीला आणि ठोसा मारून बाजूला सरकण्याला जो मान आहे, तो लिनारेसच्या या काळातल्या खेळात उघड दिसतो. सरळ रेषेत मागे जाणारा लिनारेस आता कोनात सरकू लागला होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. लाइटवेटचा तो किताब रिक्त होता, प्रिएतो हा जगातल्या पहिल्या दहांत सहज मोजावा असा बॉक्सर नव्हता, आणि प्रवर्तकाच्या सोयीने घडवलेल्या पुनरागमनाला पुनरागमन कशाला म्हणायचं? या आक्षेपाचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. प्रिएतोवरच्या विजयातून काहीच सिद्ध झालं नाही. पण सिद्ध करायला पुढच्या लढती होत्या. मे २०१५मध्ये लंडनमध्ये केव्हिन मिचेलने त्याला पाचव्या फेरीत खाली पाडलं. तीन वर्षांपूर्वीच्या भाकितानुसार लढत तिथेच संपायला हवी होती. लिनारेस उठला, दोन फेऱ्या तग धरण्यात घालवल्या, मग जॅब पुन्हा सुरू केला, मिचेलच्या डोळ्याची अवस्था वाईट करून टाकली आणि दहाव्या फेरीत लढत जिंकली. कच्च्या हनुवटीचा आरोप तपासायचा तर हीच लढत तपासावी. पुढे हाताच्या दुखापतीमुळे तो बराच काळ बाहेर राहिला आणि किताबही सुटला. सप्टेंबर २०१६मध्ये तो मँचेस्टरला गेला. समोर होता अँथनी क्रोला, तिथलाच, आणि शहराचा लाडका. घरफोड्यांना अडवताना डोक्याला फ्रॅक्चर होऊनही तो रिंगमध्ये परतला होता आणि जगज्जेता झाला होता. लिनारेसने त्याला एकमताने हरवलं. मार्च २०१७मध्ये त्याच शहरात पुन्हा हरवलं, या वेळी तिन्ही पंचांनी ११८-१०९ असे गुण दिले. प्रवर्तकाने दार उघडलं असेल, पण परक्या गावात, परक्या प्रेक्षकांसमोर दोनदा आत जाऊन जिंकून येणं प्रवर्तकाला विकत घेता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिनारेस परतला म्हणून त्याची गोष्ट सांगितली जाते. जे परतले नाहीत त्यांची कोण सांगतो? तीन वेळा बाद झालेले बहुतेक बॉक्सर खरंच संपतात, तेव्हा चाहत्यांचा अंदाज सरासरीने बरोबरच ठरतो. हे खरं आहे. म्हणून पराभूत बॉक्सर नेहमी परततात असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की पराभवांचा आकडा आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेलाही जाऊ शकतात. लाइटवेटच्याच इतिहासातलं याचं सर्वांत ठळक उदाहरण दिएगो कोरालेसचं. ७ मे २००५ रोजी लास व्हेगसमध्ये दहाव्या फेरीत होसे लुईस कास्तियोने त्याला दोनदा खाली पाडलं. प्रत्येक वेळी कोरालेसने तोंडातला गम शील्ड बाहेर टाकून काही मौल्यवान सेकंद मिळवले, त्यापायी एक गुणही गमावला, आणि त्याच फेरीत उलटा मारा करून लढत जिंकली. आधुनिक काळातल्या सर्वांत थरारक लढतींत तिची गणना होते. त्या रात्री कोरालेसचं भविष्य काय, असं चाहत्यांना विचारलं असतं तर कोणी शंका काढली नसती. पण त्यानंतर कोरालेस एकही लढत जिंकला नाही. पाच महिन्यांनी कास्तियोने त्याला चौथ्या फेरीत बाद केलं. २००६मध्ये होएल कासामायोरविरुद्ध तो वजनाच्या मर्यादेत येऊच शकला नाही आणि हरला. एप्रिल २००७मध्ये थेट वरच्या वेल्टरवेट गटात जाऊन जोशुआ क्लॉटीकडून हरला. आणि त्या विजयाला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी मोटरसायकल अपघातात त्याचा मृत्यू झाला. अपघाताचा मुष्टियुद्धाशी संबंध जोडण्याचं कारण नाही. पण शेवटच्या तीन पराभवांचा संबंध त्या गाजलेल्या विजयाशी नक्की आहे. शरीराने त्या रात्री जे दिलं ते परत मिळालं नाही. विजयाच्या रकान्यात लिहिलेली ती लढत खऱ्या हिशेबात खर्चाच्या बाजूची होती.

उलट बाजूचं उदाहरण तेओफिमो लोपेझचं. ऑक्टोबर २०२०मध्ये लोमाचेन्कोला हरवून लाइटवेटवर सत्ता मिळवणारा हा तरुण १३ महिन्यांनी जॉर्ज कॅम्बोसोसकडून हरला, पहिल्या फेरीत खालीही पडला. त्याच्या डोक्यात हवा गेली, कौशल्य उघडं पडलं, असं बोललं गेलं. नंतर वैद्यकीय तपासणीतून कळलं की तो अन्ननलिकेला इजा झालेल्या आणि छातीच्या पोकळीत हवा शिरलेल्या अवस्थेत लढला होता. त्याला तसं रिंगमध्ये जाऊ दिलं हे भयंकरच. पण या लढतीवरून त्याच्या कौशल्याबद्दल काही ठरवणं शक्य नव्हतं, आणि जून २०२३मध्ये १४० पौंडांच्या गटात जॉश टेलरला हरवून त्याने ते दाखवून दिलं. वजन हाही असाच न दिसणारा घटक आहे. वजनमाप आदल्या दिवशी होतं, म्हणून बॉक्सर शरीरातलं पाणी आटवून १३५ वर उतरतात आणि रात्रीतून पुन्हा वाढतात. वाढत्या वयाच्या, मोठ्या हाडाच्या माणसाला हे दर वेळी अधिक महाग पडतं. लाइटवेटमध्ये कोणी अचानक मंदावला, पाय जड झाले, पोटातला ठोसा सहन होईनासा झाला, की आधी वजनकाट्याचा प्रश्न विचारावा, मग कौशल्याचा.

आता लिनारेसच्या दुसऱ्या अर्ध्या हिशेबाकडे येतो, जिथे चाहत्यांची चूक उलट दिशेची होती. १२ मे २०१८ची लोमाचेन्कोशी झालेली लढत लिनारेसच्या आयुष्यातली सर्वांत चांगली लढत होती असं माझं मत आहे, हरला तरीही. सहाव्या फेरीत त्याच्या सरळ उजव्या हाताने ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं मिळवलेला माणूस खाली बसला. नऊ फेऱ्यांनंतर एका पंचाच्या मते लिनारेस पुढे होता, दुसऱ्याच्या मते लोमाचेन्को, तिसऱ्याच्या मते बरोबरी. दहाव्या फेरीत यकृतावर बसलेल्या डाव्या ठोशाने लढत संपली. हा पराभव काहीच वाईट सांगत नव्हता आणि चाहत्यांनी तो बरोबर वाचला. पण जानेवारी २०१९मध्ये १४० पौंडांच्या गटात पाब्लो सेझार कानोने लिनारेसला पहिल्याच फेरीत तीनदा खाली पाडून बाद केलं. वरवर हा साल्गादोच्या पराभवासारखाच दिसतो: पहिली फेरी, एक चूक, खेळ खल्लास. मग २००९चा पराभव मी सोडून देतो आणि २०१९चा का नाही? कारण मधे दहा वर्षं गेली होती. चोवीस वर्षांच्या माणसाच्या मेंदूवर बसलेला ठोसा आणि तेहेतीस वर्षांच्या, चाळीसहून अधिक व्यावसायिक लढती आणि त्याहून कितीतरी पट सराव फेऱ्या झालेल्या मेंदूवर बसलेला ठोसा यांत फरक असतो. वरच्या गटातला मोठा प्रतिस्पर्धी हेही कारण होतंच. पण पहिल्यांदा पडल्यावर उठलेल्या लिनारेसचे पाय ज्या तऱ्हेने परत आलेच नाहीत, ते पाहून गंभीर प्रश्न विचारायला हवे होते. तेव्हा बहुतेकांनी याला ‘एक वाईट रात्र’ म्हटलं.

मे २०२१मध्ये लास व्हेगसला तो २२ वर्षांच्या डेव्हिन हेनीशी लढला आणि इथे सहानुभूतीने डोळे पूर्ण झाकले. दहाव्या फेरीच्या शेवटी लिनारेसच्या उजव्या हाताने हेनी डळमळला; उरलेल्या फेऱ्यांत हेनीने त्याला मिठ्या मारून वेळ काढला. गुणांवर लिनारेस ११६-११२, ११६-११२, ११५-११३ असा हरला, पण सगळी चर्चा त्या दहाव्या फेरीची झाली. ३५ वर्षांच्या जुन्या उस्तादाने नव्या जगज्जेत्याला हादरवलं, त्याच्यात अजून आग आहे, आणखी एक संधी द्यायला हवी, असा सूर लागला. २०१२मध्ये त्याला निकालात काढणारेही आता त्याच्या प्रेमात होते. मला हे प्रेम समजतं; लिनारेसइतका सुंदर बॉक्सर त्या काळात दुसरा नव्हता. पण लढतीचे पुरावे काय सांगत होते? पहिल्या नऊ फेऱ्यांत जॅबच्या स्पर्धेत, म्हणजे लिनारेसचं जे मुख्य हत्यार त्यातच, तो मागे पडत होता. हातांचा वेग पूर्वीसारखा नव्हता. एक चांगला ठोसा वय झालेल्या बॉक्सरकडेही शेवटपर्यंत उरतो. जातो तो टाळण्याचा वेग, पायांचा दम आणि मार पचवण्याची ताकद. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२मध्ये, रशियात येकातेरिनबुर्गला झाउर अब्दुल्लायेवने लिनारेसला बाराव्या फेरीत बाद केलं. हाच अब्दुल्लायेव २०१९मध्ये हेनीविरुद्ध चार फेऱ्यांनंतर जागेवरून उठू शकला नव्हता. हेनीशी जवळची वाटणारी लढत म्हणजे लिनारेसची पातळी, असं मानणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कुठून मिळणार होतं? तरी पुढे कझाकस्तानच्या झानकोश तुरारोवशी लढत झाली आणि तीही तो हरला.

कोणी म्हणेल, हा त्याचा धंदा आहे, त्याचं शरीर आहे. बाहेर बसलेल्यांनी त्याला थांबवा म्हणणं हा आगाऊपणा. सज्ञान माणसाच्या निर्णयाचा मान मलाही राखायचा आहे. पण व्यावसायिक मुष्टियुद्धात निर्णय एकट्या बॉक्सरचा कधीच नसतो. नाव मोठं, किताब गेलेला आणि पाय जड झालेले, असा माणूस प्रवर्तकाला सर्वांत सोयीचा असतो: होतकरू पोराच्या विजयांच्या यादीत त्याचं नाव झळकतं आणि धोका तुलनेने कमी. ही बाजारपेठ चाहत्यांच्या ‘अजून आहे त्याच्यात’ या वाक्यावर उभी आहे. २०१२मधल्या निर्दय निकालाने लिनारेसचं फार तर दोन वर्षांचं उत्पन्न बुडालं असेल. २०२१नंतरच्या प्रेमळ निकालाने त्याला अशा फेऱ्या लढायला लावल्या ज्यांची भरपाई होत नाही. मेंदूवर वारंवार बसणाऱ्या आघातांचे दूरगामी परिणाम हे काही नवं ज्ञान नाही. अमेरिकन वैद्य हॅरिसन मार्टलँड यांनी बॉक्सरांमधल्या या विकाराचं वर्णन १९२८मध्येच केलं होतं. आणि लाइटवेटला तर याचा सर्वांत क्रूर धडा मिळालेला आहे. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगसमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. किम कमी पडला म्हणून हे घडलं नाही. तो अतोनात शूर होता, आणि त्याचं शौर्य पाहत असताना त्याच्या शरीराचा हिशेब कोणीही ठेवत नव्हतं.

हिशेब ठेवायचा तर कोणी, हा प्रश्न उरतो. ब्रिटनचं नियामक मंडळ परवानाधारक बॉक्सरची मेंदूची तपासणी दर वर्षी करून घेतं. जपानमध्ये बराच काळ ३७ हे वय परवान्याची मर्यादा होती, काही अपवाद सोडून. आता ती उठवली आहे. अमेरिकेत १९९६च्या संघीय कायद्यानुसार एका राज्याने वैद्यकीय कारणासाठी थांबवलेला बॉक्सर दुसऱ्या राज्यात लढू शकत नाही, पण हा कायदा देशाच्या सीमेवर संपतो. लिनारेस जपान, मेक्सिको, पनामा, व्हेनेझुएला, अमेरिका, ब्रिटन आणि रशियात लढला. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, कागद वेगळे. दोन दशकांहून अधिक चाललेल्या अशा कारकिर्दीत प्रत्येक बाद होणं, प्रत्येक टाका, वजन उतरवतानाची प्रत्येक घट आणि मेंदूचं प्रत्येक चित्र एकाच फायलीत असेल आणि ती फाइल बॉक्सरबरोबर देशोदेशी जाईल, एवढी साधी व्यवस्था या खेळाला अजून उभी करता आलेली नाही. ती असती तर चाहत्यांना वाद घालायला निदान खरा मजकूर मिळाला असता, आणि प्रतिस्पर्धी ठरवणाऱ्या प्रवर्तकाला तो नाकारता आला नसता. लिनारेस शेवटचा लढला तो ऑक्टोबर २०२३मध्ये लिव्हरपूलला, जॅक कॅटरॉलशी. बारा फेऱ्या उभा राहिला, एकमताने हरला आणि ३८व्या वर्षी निवृत्त झाला. ४७ विजय, ९ पराभव. त्या ९ पराभवांतले शेवटचे ४ सलग आले होते, आणि त्यांतला पहिला तोच, हेनीविरुद्धचा, ज्याने त्याच्यात अजून खूप काही आहे असं लोकांना पटवलं होतं.